मशाल : संपादकाच्या घरात शिरलेला सिनेमा

पत्रकार विरुद्ध बडे गुन्हेगार असे हिंदी सिनेमे कमी नाहीत. यश चोप्रांचा १९८४ चा 'मशाल' मला त्यात सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण यातला खलनायक संपादकाला मारायची घाई करत नाही. एस. के. वर्धन (अमरीश पुरी) हा समाजात मान असलेला माणूस, आणि आतून दारू नि मादक पदार्थांचा धंदा. विनोद कुमार (दिलीपकुमार) त्याच्याबद्दल लिहितो आणि लिहायचं थांबवत नाही. मग आधी त्याचं वर्तमानपत्र जातं, पाठोपाठ राहतं घर.

हे किती खरं आहे ते मी घरात पाहिलंय. वडिलांचं वाळव्याकडे छोटंसं साप्ताहिक होतं. एक ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र), खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, केसी, रॉकेलचा वास. त्यांच्या अंगाला कधी कुणी हात लावला नाही. एका कारखान्याच्या काटामारीबद्दल त्यांनी लिहिलं, तेव्हा जाहिराती थांबल्या. मग कागदवाल्याने उधारी बंद केली. मग जागामालक चहाला आला आणि जाताना म्हणाला, "अण्णा, पुढच्या महिन्यात दुसरीकडं बघा." आईने पाटल्या मोडून तीन-चार अंक काढले. संपादकाच्या बायकोला काय सोसावं लागतं, हे हिंदी पडद्यावर वहिदा रेहमानच्या सुधाइतकं नेमकं मला दुसरीकडे दिसलं नाही. ती नवऱ्याला अडवत नाही, भाषण देत नाही. फक्त त्याच्याबरोबर चालत राहते.

आणि मग तो रस्त्यावरचा प्रसंग. बेघर झालेले नवरा-बायको, मध्यरात्र, सुधाला अचानक असह्य कळा. दिलीपकुमार दिसेल त्या गाडीमागे धावतो, बंद खिडक्यांकडे बघून हाका मारतो, हात जोडतो. कुणी थांबत नाही. बॅलार्ड इस्टेटच्या त्या दगडी इमारती इतक्या परक्या कधी वाटल्या नव्हत्या. सुरुवातीला त्याच्या आवाजात संपादकाचा रुबाब शिल्लक असतो, मदत मागतानाही तो नीट वाक्य बोलतो. हळूहळू वाक्यं तुटतात, शेवटी नुसती हाक उरते. ज्या शहरासाठी लिहिलं, त्या शहरातलं एक दार उघडत नाही. सुधा तिथेच प्राण सोडते. यानंतर विनोद कुमार स्वतःच काळ्या धंद्यात उतरतो आणि ते आपल्याला पटतं. हे पटणंच भयंकर आहे.

मराठी प्रेक्षकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. मूळ वसंत कानेटकरांचं नाटक 'अश्रूंची झाली फुले', १९६६ सालचं. प्रभाकर पणशीकरांचे प्रोफेसर विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकरांचा लाल्या, त्यांचा वाट चुकलेला विद्यार्थी, आमच्या आधीच्या पिढीच्या बोलण्यातून अजून गेलेले नाहीत. जावेद अख्तर यांच्या पटकथेत प्रोफेसरचा संपादक झाला, आणि या बदलानेच सिनेमा उभा राहतो. नाटकात लाल्या पोलीस अधिकारी होऊन परततो, त्याच्या पाठीशी कायदा असतो. इथे विनोद कुमारने मार्गावर आणलेला वस्तीतला राजा (अनिल कपूर) शिकून पत्रकार होतो. त्याच्या हातात फक्त पेन, आणि ते ज्याने दिलं त्या विनोद कुमारच्याच विरोधात ते चालवायची वेळ येते. नाटकावर माझं प्रेम आहे, तरी हा पेच मला सिनेमात जास्त धारदार वाटतो.

अनिल कपूरला यासाठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, ते योग्यच होतं. वस्तीतला टपोरी तो मजेत करतो. दिलीपकुमारसमोर तो दबत नाही हे विशेष. निळू फुले आणि मोहन आगाशे यांना आणखी जागा हवी होती. रती अग्निहोत्रीची भूमिका तर लिहिलीच गेलेली नाही.

माझी खरी तक्रार शेवटच्या भागाबद्दल. पत्रकारावर हिंसा होते हे मला अतिशयोक्त वाटत नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, आणि तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे गाडीखाली चिरडले गेले. ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्यालाच अटक झाली. हिंसा खरीच आहे. खोटं आहे ते मारामारीने हिशेब चुकता होणं. दीड-दोन तास सिनेमा दाखवत राहतो की वर्धनसारखी माणसं मालकाच्या खुर्चीतून, घरभाड्यातून, लोकांच्या गप्प बसण्यातून जिंकतात. मग पंधरा मिनिटांत ठोसे आणि गोळ्यांवर सगळं सोपवतो.

संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आहे. 'मुझे तुम याद करना' अजूनही सुंदर वाटतं, होळीचं गाणं दर शिमग्याला वाजतंच. पण कथेच्या वेगाला दोन गाणी कमी चालली असती.

पत्रकारितेच्या मुलांना हा सिनेमा जरूर दाखवावा. त्या रस्त्यावरच्या प्रसंगाची फीत मोबाइलवर फिरत असते, तेवढीच दाखवून थांबू नये. राजा आणि विनोद कुमार समोरासमोर येतात तिथपर्यंत बसवावं, आणि मग वर्गात विचारावं: राजाच्या जागी तुम्ही असता तर ती बातमी दिली असती का?