सगळं चालू होतं, कारण मागे वायर लावलेली होती

गाडीमागे जोडून न्यायचा, आत राहता येईल असा जुना ट्रेलर विकत घ्यायचा म्हणून बघायला गेलो तेव्हा आतले सगळे दिवे लागलेले होते. फ्रिज गार, पंखा फिरतोय, नळ उघडला की पंप सुरू. विकणाऱ्याने इन्व्हर्टरवर किटली लावून चहासुद्धा केला. मी खूश. एक जाड पिवळी वायर ट्रेलरच्या मागच्या सॉकेटमधून त्याच्या घरात गेलेली दिसत होती. "चार्जिंगला लावून ठेवतो, बॅटरी चांगली राहते," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. माझी फसवणूक झाली ती इथेच. बाकीचं सगळं नंतर कळत गेलं.

मला ट्रेलर हवा होता तो वीज-पाणी नसलेल्या जागी चार-पाच दिवस राहण्यासाठी. त्यामुळे जाहिरातीतलं 'पूर्ण अपग्रेड' वाचून भुरळ पडली. २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, छतावर २०० वॉटचे दोन सोलर पॅनल, २००० वॉटचा इन्व्हर्टर, शिवाय नवीन फ्लोअरिंग. हिशेबही घरीच मांडून गेलो होतो. १२.८ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर-तास म्हणजे २५६० वॉट-तास. फ्रिजचा कॉम्प्रेसर ४५ वॉटचा, तो साधारण निम्मा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला ५४० वॉट-तास. दिवे, पंखा, पंप मिळून आणखी अडीचशे. म्हणजे ऊन नसलं तरी तीन दिवस निघायला हवेत. हिशेब बरोबर होता. आकडे मात्र स्टिकरवरचे होते.

पहिल्याच सहलीत दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला बॅटरी बसली. दिवसभर ढग होते, त्यामुळे पहाटेपर्यंत मी स्वतःची समजूत घालत राहिलो. परत आल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज केली, एक ठरावीक लोड लावला आणि बंद पडेपर्यंत मोजत बसलो. जेमतेम ९० अँपिअर-तास निघाले. मग वजनकाट्यावर ठेवली: ११ किलो. २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण वीस-पंचवीस किलोची असते. बघायला गेलो तेव्हा नुसती हाताने उचलून बघितली असती तरी शंका आली असती. आणि त्या दिवशी डिस्प्लेवर १३.६ व्होल्ट बघून मी समाधान मानलं होतं, तो आकडा बॅटरीचा नव्हताच, चार्जरचा होता. तसंही लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत फारसं हलत नाही. त्यावरून किती शिल्लक आहे ते कळत नाही.

पॅनलचीही तीच गत. पाठीमागे २०० वॉटचं चकचकीत लेबल, पण पॅनल एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद. चांगल्या प्रतीच्या पॅनलला एका चौरस मीटरमागे कडक उन्हात दोनशे वॉटच्या आसपास मिळतात. अर्ध्या चौरस मीटरमधून दोनशे कुठून येणार? यासाठी मीटरसुद्धा लागत नाही, टेप पुरते. मी भर दुपारी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावला तर दोन्ही मिळून १० अँपिअरही येत नव्हते. नुसतं व्होल्टेज मोजून फसू नका, मरतुकडं पॅनलही व्होल्टेज नीट दाखवतं. करंट मोजा.

इन्व्हर्टरचं तर बोलायलाच नको. २००० वॉट १२ व्होल्टवरून ओढायचे तर दीडशे अँपिअरच्या वर करंट जातो. तिथे लावलेली वायर माझ्या करंगळीपेक्षा बारीक आणि बॅटरीजवळ फ्यूजच नाही. किटली आणखी काही वेळ चालली असती तर हा अनुभव लिहायला मी असतो की नाही, कोण जाणे. विजेचं काम करणाऱ्या मित्राने ते बघून एक शब्दही न बोलता बॅटरीची वायर काढून ठेवली.

पण पैसे बुडाले ते बॅटरीत नाही, छतात.

त्या सहलीत रात्री पाऊस झाला होता. सकाळी पलंगाच्या कोपऱ्यात कुबट वास येत होता. विकणाऱ्याने ठेवलेला सुगंधी डबा तोपर्यंत संपला होता, हे आता लक्षात येतं. पुढच्या आठवड्यात पलंगाखालचं नवीन व्हिनाइल उचकटलं तर खालचं प्लायवूड बिस्किटासारखं हातात आलं. भिंतीच्या आतली लाकडी चौकट काळी पडलेली, काही ठिकाणी स्क्रू बोटाने निघत होते. पाणी शोधत वर गेलो तेव्हा उलगडा झाला. पॅनल बसवताना छताला पाडलेल्या भोकांतून आणि वायर आत घेतलेल्या जागेतून ते येत होतं. म्हणजे ज्या अपग्रेडचे मी जास्तीचे पैसे मोजले, त्यानेच ट्रेलर कुजवला होता. आणि कुजकं झाकायला नवीन फ्लोअरिंग टाकून त्याचेही पैसे माझ्याकडूनच घेतले. वरून कीर्तन, आतून तमाशा!

भोकांवर साधं सिलिकॉन फासलेलं होतं, तेही जुन्या सीलंटवरच (फटी बुजवायच्या लेपावरच). ते नीट धरत नाही, आणि एकदा लावलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही. सगळं खरवडून काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. माझे दोन रविवार त्यातच गेले.

बघायला गेलो तेव्हा टाचेने जमिनीचे कोपरे दाबून बघायला हवे होते. कपाटांच्या आत, सिंकखाली, छताच्या झडपेभोवती. बाहेरची भिंत तळहाताने दाबली की फुगवटा कळतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते न्यायला हवं होतं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं असंही नाही. पण "संध्याकाळी दुसरे एकजण येणार आहेत" असं त्याने सांगितलं आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी माझी अवस्था झाली.

टायरचंही सांगून टाकतो. काळेभोर, चकाकणारे, खाचा खोल. टायरच्या कडेवरच्या कोडमध्ये शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, हे ठाऊक होतं. पण पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि इथे ती बाजू आत होती. घरी आल्यावर खाली घुसून वाचलं: ३२१३. म्हणजे २०१३ चा ३२ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि उभ्या उभ्या जास्त मरतात. पाच-सात वर्षांनंतर खाचा कितीही असोत, लांब पल्ल्याला त्यांच्या भरवशावर निघू नये.

विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही सगळं चालवून बघितलंत ना?" पावतीवर 'आहे त्या स्थितीत' असं लिहिलेलं होतं, खाली माझी सही. पुढचे फोन त्याने उचलले नाहीत.

तुम्ही बघायला जाल तेव्हा पहिलं काम म्हणजे ती मागची वायर स्वतःच्या हाताने काढा. फ्रिज, पंखा, दिवे चालू ठेवून दोन-तीन तास तिथेच गप्पा मारत बसा आणि तेवढ्या वेळात बॅटरीतून किती गेलं ते मीटरवर बघा. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर उत्तमच. नसेल तर पाइपने छतावर पाणी मारू द्या म्हणावं. विकणारा नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

माझा ट्रेलर सध्या निम्मा उघडा आहे. चौकटीचे कुजलेले तुकडे बदलले, छत बुजवलं, टायर नवे घातले. पॅनल मात्र आता जमिनीवर टेकवून उन्हाकडे वळवतो. छताला पुन्हा भोक पाडायची हिंमत अजून झालेली नाही.