म्हशीच्या गावात बिनदुधाचं बाळ: वर्षभर वापरून पाहिलेले पर्याय

आमच्या घरी गोठा आहे. करवीर तालुक्यातलं गाव, दोन मुऱ्हा म्हशी, दोन्ही वेळचं दूध डेअरीला. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर माणसं म्हशीशेजारी उभी राहून धारोष्ण दूध पितात. अशा ठिकाणी माझ्या लेकीला दूध चालत नाही, हे पहिले कित्येक दिवस घरात कुणाच्या गळी उतरलं नाही. अकरावा महिना होता. गायीचं दूध हलकं म्हणून शेजारून मुद्दाम आणलं, दोन चमचे पाजलं. दहा मिनिटांत ओठ सुजले, पाठभर गांधी उठल्या. तशीच उचलून दवाखान्यात नेली.

निदान झालं गायीच्या दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीचं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं हा निराळा प्रकार, त्यामुळे लॅक्टोज-फ्री दुधाचा इथे काही उपयोग नाही. त्यात साखर मोडलेली असते, प्रथिनं तशीच राहतात. आई म्हणाली, "गायीचं सोसंना तर आपल्या म्हशीचं दे की." आबांनी शेळीचं सुचवलं. डॉक्टरांनी दोन्हींना ठाम नकार दिला. या तिन्ही दुधांतली प्रथिनं इतकी सारखी असतात की गायीचं न चालणाऱ्या बहुतेक मुलांना म्हशीचं आणि शेळीचंही चालत नाही. उकळूनही फरक पडत नाही, केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. हे आधीच लिहितोय, कारण गावाकडे प्रत्येक जण हेच सुचवतो आणि हेच सगळ्यांत धोक्याचं आहे.

वर्षाच्या आत पाकिटातलं कुठलंच वनस्पतीचं पेय मुख्य दूध म्हणून चालत नाही. तोवर आईचं दूध होतं आणि त्याला जोड म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली, प्रथिनं बारीक तोडलेली पावडर. ४०० ग्रॅमचा डबा आमच्याकडे जेमतेम आठवडा पुरायचा. चव कडवट, वास उग्र, किंमत छातीत धडकी भरवणारी. पण त्या डब्यानं लेकीचं वजन सावरलं, म्हणून त्याच्याबद्दल तक्रार नाही. वाटीत आधी फळाचा गर आणि मग पावडर असं केलं की ती घ्यायची.

वर्ष झाल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं खरा शोध सुरू झाला. राजारामपुरीतल्या दुकानांतून जे मिळेल ते आणलं. पाकिटावर 'दूध' शब्द शोधू नका. आपल्याकडच्या नियमांनुसार प्राण्याचं असेल त्यालाच दूध म्हणता येतं, त्यामुळे 'सोया बेव्हरेज', 'ओट ड्रिंक' अशी नावं दिसतील. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही. आमच्याकडे दर महिन्याला वेगळं पाकीट येतं, तेव्हा मागचे आकडे वाचायला शिकलेलं बरं.

बदामाचं आधी आणलं, कारण बदाम म्हटलं की पौष्टिक असंच डोक्यात बसलेलं. मागे पाहिलं तर १०० मिलिलिटरला प्रथिनं जेमतेम अर्धा ग्रॅम. गायीच्या दुधात तीन ग्रॅमच्या वर असतात. लिटरला अडीचशेच्या पुढे मोजून आपण बाळाला जवळपास पाणीच पाजतो. मोठ्या माणसांनी चहा-कॉफीत खुशाल घालावं. ओटचं चवीला गोड, लेकीला फार आवडलं, पण प्रथिनं एका ग्रॅमच्या आसपास. ते आम्ही खिरीपुरतं ठेवलं. तांदळाच्या पेयाच्या वाटेला गेलोच नाही. तांदळातून येणाऱ्या आर्सेनिकमुळे ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नका असं सांगतात. नारळाचं दूध घरी काढतो, पण ते चवीसाठी.

राहिलं सोया. बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं सोया हेच आमच्या घरात टिकलं. प्रथिनं तीन ग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम, लिटरला दीडशेच्या आसपास. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ती ३०० मिलिलिटर पिते, म्हणजे ३६० तिथेच झालं. पाकीट जोरात हलवल्याशिवाय ओतू नका, कॅल्शियम तळाशी बसतं. पहिल्या पाकिटाच्या तळाला पांढरा थर दिसला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आठवडाभर आम्ही तिला वरवरचंच दिलं. काही मुलांना सोयाचीही ॲलर्जी असते, म्हणून सुरुवात डॉक्टरांना विचारून चमच्यानंच करा.

सोयाबीन तर आमच्याच रानात पिकतं. घरी करून पाहिलं: रात्रभर भिजवायचं, चोळून सालं काढायची, गरम पाण्यात वाटायचं म्हणजे कच्चा वास कमी येतो, फडक्यातून गाळायचं आणि ढवळत वीसेक मिनिटं चांगलं उकळायचं. कच्चं अजिबात देऊ नका, पचत नाही. चव पाकिटापेक्षा सरस, पण त्यात वरून घातलेलं कॅल्शियम नसतं. म्हणून घरचं आम्ही दह्यासाठी ठेवलं. विरजणाला साधं दही चालणार नाही, त्यात दूध आलंच. हिरव्या मिरचीचे देठ कोमट सोयात टाकून झाकून ठेवायचे. पहिल्या दिवशी पातळ लागतं, त्याच दह्याचं पुढचं विरजण घट्ट लागतं. आईनं जिरं-कढीपत्त्याची फोडणी देऊन त्या दह्याचा भात कालवला आणि लेकीनं वाटी चाटून पुसून खाल्ली. आई बराच वेळ तिच्याकडे बघत बसली होती.

उरलेलं कॅल्शियम नाचणीतून. १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. सत्त्व गाळलं की कोंड्यातलं बरंच कॅल्शियम फडक्यात राहतं, म्हणून मोड आणून, सुकवून, गिरणीतून बारीक दळून आणतो आणि गूळ घालून सोयात खीर शिजवतो. साजूक तुपातही प्रथिनांचा अंश राहतो, तेही बंद. त्याऐवजी डॉक्टरांनी भातात चमचाभर शेंगदाणा तेल सांगितलं.

आमची चूक झाली ती दुधात नाही, टोस्टमध्ये. एका बेकरीत विचारलं, "दूध आहे का यात?" "नाही," म्हणाले. संध्याकाळी पुन्हा गांधी. दुसऱ्या दिवशी बेकरीत जाऊन मागच्या पोत्यावरचं लेबल पाहिलं, 'मिल्क सॉलिड्स' असं ठळक छापलेलं. तेव्हापासून सुटं काही घेत नाही. पाकिटावर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, केसीनेट या दुधातूनच येणाऱ्या गोष्टींपैकी काही दिसलं की परत ठेवतो. मसाला लावलेल्या वेफर्समध्येही ते सापडलं.

लेक आता दोन वर्षांची आहे. बऱ्याच मुलांची ही ॲलर्जी शाळेच्या वयापर्यंत जाते, पण ती गेली का हे घरी चमचा देऊन बघायचं नाही. सहा महिन्यांनी दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर थोडं थोडं देऊन बघणार आहेत. आबा रोज विचारतात, किती दिवस राहिले. तोवर दर तीन दिवसांना एक लिटरचं पाकीट आणि महिन्याला दोन किलो नाचणी.