लॅक्टुलोज सिरप: दीड वर्ष वापरल्यानंतर

बाबांच्या औषधांत हे सगळ्यात साधं. बद्धकोष्ठावरचं गोड, दाट सिरप. पोट साफ होतंय ना, मग कशाला रोज द्यायचं, असं म्हणून मी ते एकदा परस्पर बंद केलं. ते कशासाठी आहे, हे लिहून देताना कुणी समजावलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी बाबा दिवसभर झोपले आणि रात्रभर जागे राहिले. पाचव्या दिवशी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. हात समोर ताठ धरायला सांगितले, तर पंजे फडफडून खाली पडत. सही करताना आडनावाच्या मध्येच पेन थांबलं. थेट दवाखाना गाठावा लागला.

बाबांना सिरॉसिस, म्हणजे यकृताचा आजार आहे. दारूला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. त्यांचं कारण जुना मधुमेह आणि त्यातून आलेलं फॅटी लिव्हर. हिपॅटायटिस बी आणि सी मुळेही सिरॉसिस होतो. यकृतात वण साठत जातात, ते कडक होतं, आणि आतड्याकडून आलेलं रक्त नीट साफ न होताच पुढे जातं. त्यातला अमोनिया मेंदूवर परिणाम करतो. लॅक्टुलोज ही साखर आपल्याला पचत नाही; मोठ्या आतड्यातले जिवाणू तिचं आम्ल करतात, त्यात अमोनिया अडकतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. म्हणून दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होणं हेच डोस बरोबर असल्याचं माप. जास्त झालं की जुलाब, अंगातलं पाणी कमी आणि पुन्हा तोच गोंधळ. डोस डॉक्टरांना विचारूनच कमी-जास्त करा.

तक्रारी आहेत. गोडीने बाबांना मळमळतं, पोटात गुबारा धरतो. बाटलीचं तोंड कायम चिकट. मापाच्या टोपणावरच्या रेघा तर महिन्याभरात पुसल्या; मी आता १५ मिली सिरिंजने मोजते. पाण्यात मिसळून दिलं की ते कुरकुर न करता घेतात.

तरी पाचपैकी पाच. बाबा पुन्हा कोडी सोडवतात. रोज सकाळी मी वहीत त्यांची सही घेते. आडनाव अडखळलं, की लगेच डॉक्टरांना फोन करते.