फास्टॅग ‘ॲक्टिव्ह’ दिसतो, पण नाक्यावर चालतो का? सात महिन्यांचा अनुभव

आई कराडला असते, आम्ही पुण्यात. दर पंधरा दिवसांनी जाताना खेड शिवापूर, आणेवाडी आणि तासवडे, येताना पुन्हा तेच तीन नाके. सात महिन्यांपूर्वी तेव्हाच्या ३००० रुपयांत फास्टॅगचा वार्षिक पास काढला. एक नाका ओलांडला की एक फेरी. एका खेपेला जाऊन-येऊन सहा फेऱ्या, पासात २००, म्हणजे वर्ष आरामात निघतं. पास अगदी पैसा वसूल आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

त्रास झाला तो टॅगचा. पहिले दोन महिने बॅरियर वरच जाईना. गाडी थांबायची, मागून हॉर्न सुरू व्हायचे, मग कर्मचारी हातातलं मशीन घेऊन काचेशी यायचा आणि त्यावर टॅग लगेच वाचला जायचा. ॲपमध्ये बघावं तर टॅग ‘ॲक्टिव्ह’, केवायसी पूर्ण, वॉलेटमध्ये पैसे. बँकेला तीनदा फोन केला. टॅग चालू आहे, हेच उत्तर.

लेन बदलून पाहिली, तिन्ही नाक्यांवर तेच. तेव्हा खात्री पटली की दोष आपल्या काचेवर आहे. टॅगमध्ये बॅटरी नसते. वरच्या अँटेनाच्या लहरी पोचल्या की चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. मध्ये धातू आला की हे बिघडतं. मी टॅग आरशामागे बरोबर लावला होता, पण डॅशकॅमची धातूची पट्टी त्याच्यावर अर्धा इंच आली होती. हातातलं मशीन अगदी जवळ येतं म्हणून त्याला अडचण नव्हती. टॅग सोलून दुसरीकडे लावायचा विचार करू नका, सोलला की तो फाटून बाद होतो. मी कॅमेराच वीतभर डावीकडे सरकवला. त्या शनिवारी खेड शिवापूरला गाडी पूर्ण थांबायच्या आतच बॅरियर वर गेला. इतकं बरं वाटलं!

आता निघायच्या आदल्या रात्री फास्टॅगची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून टॅगची स्थिती बघते. टॅग ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे बंद केलेल्या टॅगांच्या यादीत, गेल्याचं नाक्यावर कळलं तर यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो. उलट टॅग वैध असेल, पैसे असतील आणि नाक्याचंच यंत्र बंद असेल, तर टोल न देता जाता येतं आणि शून्य रकमेची पावती मिळायला हवी. हा नियम २०१८ पासून आहे. तिथे शांतपणे पण ठामपणे बोला, आणि लेनचा नंबर टिपून ठेवा.

एसएमएसही नुसता पुसून टाकू नका, नाका आणि वेळ वाचा. एका मंगळवारी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असताना माझी एक फेरी कापली गेली. बँकेत तक्रार नोंदवली, १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवरही फोन केला, पार्किंगच्या सीसीटीव्हीचा फोटो जोडला. अकरा दिवसांनी फेरी परत जमा झाली. तो एसएमएस मी त्याच संध्याकाळी वाचला म्हणूनच हे जमलं.

मुंबईला जाणाऱ्यांसाठी एक सांगते: पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर हा पास लागू नाही, कारण तो रस्ता राज्याचा. तिथे पैसे वॉलेटमधूनच जातात, त्यामुळे पास असला तरी मी वॉलेटमध्ये हजारभर रुपये ठेवतेच.