बेघर निवारा केंद्र : कॉट ठीकठाक, शिक्क्याचा कागद मात्र एक नंबर

साडेतीन स्टार. दीड स्टार कशापायी कापला ते खाली येईलच.

लोकं मिसळ-बिर्याणीचे रिव्ह्यू टाकतात, मी मनपाच्या बेघर निवाऱ्याचा टाकू लागलो, हसायचं त्यानं हसा. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मराठवाड्यातलंच आहे एवढं पुरे, कारण तिथली पोरं थोड्याशा पगारावर राबतात आणि माझ्या लिहिण्यानं उगी कुणाला नोटीस नको. आणि मी तिथं स्वतः राहायला नव्हतो गेलो, एका म्हाताऱ्याला घेऊन गेलतो, पण सात-आठ महिन्यात एवढ्या चकरा झाल्या की वॉचमन आता मला रजिस्टरवर सही बी मागत नाही.

आधी माझं सांगतो. ईएमईतून, म्हणजे फौजेतल्या गाड्या-मशिनी दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, हवालदार म्हणून पेन्शन आलो, गाव जिंतूर तालुक्यात, आणि आता एका बँकेच्या एटीएमवर गार्ड. म्हणजे तेच, निम्मे रिटायर फौजी जे करतात ते. मे महिन्यात, २०२५ ला, दुपारचं ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही, आणि एक म्हातारा एटीएमच्या एसीत येऊन खाली बसायचा. दोन दिवस मी बघून न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी बँकेचे मॅनेजर बोलले मग मी गेलो, म्हणलं बाबा उठा, तर हूं नाही की चूं नाही, अजून जोरात म्हणलं तरी तसाच, मग माझं डोकं फिरलं आणि दंडाला धरून उठवला. तेव्हा त्याच्या हातातली कॅरीबॅग पडली आणि त्याच्यातून काय निघावं, डिस्चार्ज बुक, फौजेतून सुटताना मिळतं ते नोकरीच्या नोंदीचं पुस्तक. कोपरे गेलेले, मधलं एक पान अर्धं फाटलेलं, पण डिस्चार्ज बुक ते डिस्चार्ज बुक, मी हजारात ओळखीन. तोफखाना. भरती १९६९, सुटका १९७७, कारण स्वतःच्या विनंतीवरून घरच्या अडचणीसाठी, आणि मेडलच्या रकान्यात पश्चिमी स्टार, म्हणजे ७१ ला हे बाबा पश्चिमेच्या बॉर्डरवर तोफा ओढत होते आणि मी त्यांना दंडाला धरून... जाऊ द्या.

ऐकू कामून येत नव्हतं ते बी तेव्हाच कळलं. गनर माणूस, तोफेजवळ आठ वर्षं काढली, कान तिथंच ठेवून आला. डावा पूर्ण बंद, उजव्याला ओरडलं तर थोडं. आणि हे लिहायचं कारण असं की निवाऱ्यात पहिले पंधरा दिवस सगळे ह्यांना "लई हेकट म्हातारा, बोललं तर उत्तर देत नाही" म्हणायचे. तिथल्या मॅनेजरला मी सांगितल्यावर त्यानं बिचाऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला.

माणूस रस्त्यावर आला कसा, हे लोकं मला विचारतात. दारू? जुगार? काही नाही ओ. बाप वारला म्हणून नाव कापून घेऊन घरी आला, पंधरा वर्षं पूर्ण नाहीत म्हणून पेन्शन नाही. चार एकर कोरडवाहू, त्यात दोघं भाऊ. मग पुण्याकडं एका कारखान्यावर वॉचमन, तिथंच गेटच्या केबिनमधी राहायचं, बायको होती तवर गावाकडं घर होतं, ती गेली, घर पडलं, भावकीनं जागा आत घेतली. २०२० ला लॉकडाऊनमधी कारखाना बंद झाला. आता बघा, बाकीच्यांची नोकरी गेली तर नोकरी जाते, वॉचमनची गेली की त्याच दिवशी घर बी जातं, कारण घर म्हणजे ती केबिनच. हे मला स्वतः गार्ड असून कधी सुचलं नव्हतं. पोरगा सुरतेला आहे म्हणतात, नंबर लागत नाही. मग नांदेड, सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमधी जेवण, स्टेशनवर झोप, असे दोन वर्षं. लंगरबद्दल बाबा अजून हात जोडून बोलतात, कुणी कधी तू कोण म्हणून विचारलं नाही म्हणे.

आता निवाऱ्यावर येतो.

हे केंद्र राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या योजनेतून उभं राहिलेलं, जागा मनपाची, चालवते एक संस्था. कागदावर नियम चांगले आहेत, लाख लोकवस्तीमागं शंभर जणांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा, चोवीस तास उघडं. प्रत्यक्षात कॉट इतक्या जवळ की शेजाऱ्यानं कूस बदलली तर आपली चादर ओढली जाते. गाद्या बऱ्या, चादरी धुतलेल्या असतात, हे मी तीन-चार टायमाला अचानक जाऊन बघितलंय. लॉकरला कुलूप स्वतःचं आणायचं. बायकांचा हॉल वेगळा, वरच्या मजल्यावर, आणि तिथं एक मावशी असतात त्या अख्ख्या केंद्राच्या खऱ्या मॅनेजर. संडास ठीक. पाणी आठवड्यातून एकदा येतं ते टाकीत भरून ठेवतात, आपल्याकडं ते सगळ्यांच्याच घरी तसंय, त्यामुळं त्याचे मार्क कापत नाही. उन्हाळ्यात वरचा स्लॅब तापतो आणि कूलर आहे पण मोटर जळालेली, मी गेलो तव्हापासून जळालेलीच होती, शेवटी ईएमईवाल्यानं स्वतः पान्हा घेऊन बसून चालू केली. ह्याचा अर्धा स्टार कापला.

जेवण संध्याकाळी एक टाइम, वरण भात, कधी पोळी, कुणाचा वाढदिवस-बिढदिवस असला तर शिरा. ज्वारीची भाकर मिळत नाही आणि मराठवाड्यातल्या म्हाताऱ्याला रोज भात म्हणजे शिक्षाच ती. मावशींना सांगून आठवड्यातून दोनदा भाकरीचं जमवलंय.

अजून अर्धा स्टार कापला तो दारूच्या नियमाचा. पिऊन आला तर आत घेत नाहीत. आता बायका आहेत, म्हातारे आहेत, त्यांची बाजू मला कळते. पण एक माणूस, फौजी नव्हता, साधा हमाल, जानेवारीच्या थंडीत गेटबाहेर पडून होता आणि आत सहा कॉट मोकळ्या. मी कॅन्टीनची रम वीस वर्षं पिलेला माणूस, मी कुणाला काय नियम शिकवू. माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, त्यानं मोबाईलवर दाखवलं की अमेरिकेत दरवर्षी जानेवारीत एका रात्री बेघर लोकांची मोजणी करतात आणि त्यात माजी सैनिक वेगळे मोजतात, २०२४ ला ३२,८८२ निघाले, २०१० च्या आसपास ह्याच्या दुपटीपेक्षा जास्त होते. कमी कसे झाले तर त्यांनी भाड्याची कुपनं दिली आणि बऱ्याच जागी दारू सोडायची अट आधी न लावता आधी खोली दिली, दवाखाना-समुपदेशन त्या खोलीत राहून. आपल्याकडं तेवढा पैसा नाही मान्य, पण मोजायला काय पैसा लागतो? निवाऱ्याच्या रजिस्टरमधी नाव, वय, गाव, आधार, आजार, सगळे रकाने आहेत, पूर्वी काय काम करत होता हा रकानाच नाही. म्हणजे बाबांची कॅरीबॅग माझ्यासमोर पडली नसती तर ते तिथं "इसम, वय ७४" म्हणून राहिले असते. उरलेला अर्धा स्टार ह्या रकान्याचा.

मी मॅनेजरला म्हणलं एक रेघ मारून रकाना वाढवा. पेननं वाढवला त्यानं. आणि महिन्याभरात अजून एक जण निघाला, बीएसएफचा. गावात आपण सगळ्यांनाच मिल्ट्रीवाला, मेजर म्हणतो, पण बीएसएफ-सीआरपीएफ सरकारी हिशोबात माजी सैनिक नाहीत, ते गृह खात्याकडं, माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या सैनिक कल्याणवाल्यांकडं त्यांचं काम होत नाही. त्याची फाईल वेगळी चालू आहे, ती गोष्ट मग कधी.

आता ह्या केंद्राची जी खरी सर्व्हिस आहे ती सांगतो, जिच्यामुळं मी साडेतीन दिले नाहीतर अडीचवर थांबलो असतो. शिक्क्याचा कागद.

सैनिक मंडळाची एक मदत आहे, पेन्शन नसलेल्या हवालदार आणि खालच्या रँकच्या, ६५ च्या वर वय असलेल्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला दर महिन्याला. आधी ४,००० होते, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केले. बाबा ह्याला नऊ वर्षांपासून पात्र होते. नऊ वर्षं. कुणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी अर्ज कुठून भरणार, अर्ज ऑनलाईन, त्याला आधार पाहिजे, बँक पासबुक पाहिजे, माजी सैनिकाचं ओळखपत्र पाहिजे आणि ह्या सगळ्याला एकच गोष्ट आधी पाहिजे, पत्ता. ज्याला घर नाही म्हणून मदत पाहिजे त्याला मदतीसाठी घराचा पत्ता पाहिजे.

मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखानं ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर तो आधारला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. हे मला मावशींनी सांगितलं, मॅनेजरला बी माहीत नव्हतं. नमुना डाऊनलोड केला, फोटो चिकटवला, शिक्का मारला, आणि बाबांना पाच वर्षांनी पत्ता मिळाला. त्या एका कागदावर आधार अपडेट, आधारवर बँकेत खातं.

पुढं सैनिक कल्याण कार्यालय. कोणत्या जिल्ह्याचं ते विचारू नका. पहिल्या चकरेला क्लार्क म्हणे पेन्शन नाही म्हणजे माजी सैनिक नाही, पुढचा. मी बी तसंच समजत होतो खरं तर. दुसऱ्या चकरेला अधिकारी भेटले, ते स्वतः फौजेतले, त्यांनी जुनं परिपत्रक काढून दाखवलं की कोण कोणत्या साली सुटला त्याच्यावर व्याख्या बदलते आणि सत्तरच्या दशकात सुटलेला माणूस गैरवर्तनावरून काढलेला नसला तर पेन्शन नसताना बी माजी सैनिक धरतात. क्लार्कनं ते नंतर स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं, हे मात्र चांगलं केलं. पण फाटलेल्या पानाचं काय, तर रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आणा.

तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोडला. रात्रीची देवगिरी पकडली, बाबांना खालचा बर्थ, सकाळी कॅम्पच्या गेटवर. गेटवरच्या पोरानं नाव विचारलं तर बाबांना ऐकू गेलं नाही, मी उजव्या कानात ओरडलो, तर माणूस एकदम पाय जुळवून उभा राहिला आणि आधी नंबर, मग रँक, मग नाव. ते पोरगं बी सरळ झालं. दोन तास बसवलं, चहा दिला, अर्ज घेतला, पत्र पोस्टानं येईल म्हणले. पत्ता विचारला तर बाबांनी निवाऱ्याचा पत्ता पाठ म्हणून दाखवला, पिनकोडसकट.

दीड महिन्यानं पत्र आलं. मावशींनी पोस्टमनला सही स्वतः न करता बाबांना झोपेतून उठवून करायला लावली.

अर्ज डिसेंबरात गेला. उशीर झाला म्हणून मी चिडलो होतो, तर झालं उलटंच, नोव्हेंबरनंतरचा म्हणून ८,००० च्या हिशोबात बसला. पैसे अजून आलेले नाहीत, पोर्टलवर अर्ज जिल्ह्याच्या पुढं गेलेला दिसतो. वयोश्री म्हणजे म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेच्या शिबिरातून कानाचं मशीन मिळालं ते मात्र खिशात असतं, शिट्टी वाजते म्हणतात.

एक बारकी गोष्ट अजून. आमच्या गावची पोरं पहाटे धावतात, अग्निवीरसाठी. चार वर्षं, त्यातले शंभरात पंचवीस ठेवणार, बाकीचे ११ लाख ७१ हजार घेऊन घरी, पेन्शन नाही. पहिल्या बॅचची चार वर्षं २०२६ च्या शेवटाच्या पुढंमागं भरतात. मी पोरांना धावू नका म्हणत नाही, पण सुटताना मिळालेला एकेक कागद प्लॅस्टिकमधी घालून ठेवा आणि झेरॉक्स माझ्याकडं आणून द्या म्हणून सांगून ठेवलंय.

आता कुणाला जायचं असेल तर. बऱ्याच शहरात असा निवारा असतो, मनपाच्या किंवा नगरपालिकेच्या ऑफिसात नागरी उपजीविकेच्या टेबलाला विचारा, स्टेशनवर विचारून कुणाला माहीत नसतं. संध्याकाळी सातच्या आत पोचा, नऊला गेट लावतात. जुने कपडे नेऊ नका, पोत्यानं पडलेत, नेलंच तर कुलपं न्या, छोटी, दोन चाव्यांची. आणि आमच्या बाबांना भेटायचं तर खिडकीकडून तिसरी कॉट, बसताना उजव्या बाजूला बसा.