नवमाध्यमांच्या विद्यार्थ्यासाठी यूट्यूब स्टुडिओ: फुकटातली प्रयोगशाळा, पण आकडा वाचता यायला हवा

पत्रकारिता किंवा बीएएमएमसीच्या (माध्यमं आणि जनसंवादाची पदवी) वर्गात ‘रीच’, ‘एंगेजमेंट’, ‘अल्गोरिदम’ हे शब्द रोज कानावर पडतात. ते नेमकं काय मोजतात, हे समजून घ्यायला यूट्यूब स्टुडिओइतकं हाताशी असलेलं साधन दुसरं नाही. चॅनलचे व्हिडिओ आणि त्यांचे आकडे सांभाळायचं हे यूट्यूबचंच दालन चॅनल उघडलं की आपोआप मिळतं, पैसे लागत नाहीत. एका सत्रात चार-पाच मिनिटांचे सहा व्हिडिओ टाकले तरी शिकण्यापुरता ऐवज जमतो.

आधी दोन कामं उरकून घ्या. फोन नंबरची पडताळणी केल्याशिवाय स्वतः बनवलेलं थंबनेल (व्हिडिओचं मुखचित्र) लावता येत नाही आणि १५ मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढत नाही. चॅनल गटाने चालवणार असाल तर पासवर्ड कुणाला देऊ नका. सेटिंग्जमधल्या परमिशन्समध्ये संकलन करणाऱ्याला ‘एडिटर’ करा आणि शिक्षकांना ‘व्ह्यूअर’, म्हणजे त्यांना आकडे दिसतील पण चुकून काही पुसलं जाणार नाही. आकड्यांचा अभ्यास मात्र संगणकावरच करा. मोबाइलवरचं अ‍ॅप नुसती नजर टाकायला ठीक आहे.

स्टुडिओतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे रिटेन्शनचा आलेख. व्हिडिओच्या कोणत्या क्षणी किती टक्के प्रेक्षक उरले, ते त्यात दिसतं. पहिल्या ३० सेकंदांनंतर किती जण टिकले, हा आकडा वेगळा दिलेला असतो आणि नवख्यांचं पाणी तिथेच जोखलं जातं. फिरता लोगो, नमस्कार-चमत्कार आणि ‘सबस्क्राइब करा’ यांत २० सेकंद गेली, तर रेषा तिथेच कोसळते. पुढे मध्येच खळगा दिसला तर लोकांनी तो भाग ओलांडला. उंचवटा दिसला तर मागे जाऊन पुन्हा पाहिला, पण त्याचा अर्थ ‘आवडला’ असाच होतो असं नाही. पुरणपोळीच्या व्हिडिओत डाळ-गुळाच्या प्रमाणापाशी उंचवटा आला, तर बहुधा पडद्यावरची पट्टी सेकंदभरच थांबली आणि कुणाला वाचता आली नाही. पुढच्या वेळी ती चार-पाच सेकंद ठेवा, प्रमाण डिस्क्रिप्शनमध्येही लिहा.

इथे मोठी चूक होते ती थोड्या आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याची. ४० जणांनी पाहिलेल्या व्हिडिओत एक माणूस म्हणजे अडीच टक्के. चार जण उठून गेले की रेषा दहा टक्क्यांनी खाली येते. शे-दोनशे प्रेक्षक होईपर्यंत बारीक चढउतारांचे अर्थ लावत बसू नका.

इंप्रेशन आणि क्लिक-थ्रू रेट ही जोडीही फसवी आहे. थंबनेल निम्म्याहून अधिक दिसलं आणि एका सेकंदापेक्षा जास्त वेळ दिसलं, तरच यूट्यूब इंप्रेशन मोजतं. त्यांतल्या किती टक्क्यांवर क्लिक होऊन व्हिडिओ पाहिला गेला, तो क्लिक-थ्रू रेट. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनलांचा आणि व्हिडिओंचा रेट २ ते १० टक्क्यांत असतो, तेव्हा ४ टक्के बघून हिरमुसण्याचं कारण नाही. हिशेब मात्र जुळत नाही. १,००० इंप्रेशनवर ४ टक्के म्हणजे ४० व्ह्यूज, पण एकूण आकडा १३० दिसतो. उरलेले ९० बहुतेकदा बाहेरच्या लिंकवरून आलेले असतात, आणि त्यांची इंप्रेशन मोजलीच जात नाहीत. ट्रॅफिक सोर्समध्ये, म्हणजे प्रेक्षक कुठून आले त्या यादीत, ‘एक्स्टर्नल’ उघडा, व्हॉट्सअ‍ॅपचं नाव दिसेल. घरच्या ग्रुपवर लिंक टाकली की काका-मावशा प्रेमाने उघडतात आणि १५ सेकंदांत बंद करतात. व्ह्यूज वाढतात, सरासरी पाहण्याचा वेळ घसरतो. प्रकल्पाच्या व्हिडिओची लिंक पहिले काही दिवस ग्रुपवर टाकू नये, ती याचसाठी.

मराठी विद्यार्थ्याने सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो शोधशब्दांच्या यादीला. यूट्यूबवर काय टाइप करून लोक आपल्यापर्यंत पोचले, ते तिथे शब्दशः दिसतं. आपण देवनागरीत शुद्ध शीर्षक दिलेलं असतं आणि पाहणारा रोमन अक्षरांत, तेही तीन वेगवेगळ्या पद्धतींनी, मराठी लिहीत असतो. शीर्षक देवनागरीतच ठेवा, पण यादीत वारंवार येणारं स्पेलिंग डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत वाक्यात गुंफून घाला. आपला वाचक-प्रेक्षक भाषा कशी वापरतो, याचा इतका थेट पुरावा वर्गात मिळत नाही. सबटायटलची फाइल स्वतः चढवणार असाल तर ती यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.

कॉपीराइटसाठी एकच सवय पुरे: व्हिडिओ आधी ‘अनलिस्टेड’ (लिंक असलेल्यालाच दिसणारा) ठेवून ‘चेक्स’ची, म्हणजे यूट्यूबच्या कॉपीराइट तपासणीची, पायरी पूर्ण होऊ द्या. सिनेगीताचे दहा सेकंद चालतात, हा समज खोटा आहे. क्लेम, म्हणजे मालकाचा हक्कदावा, आला तर जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर लागणारा नियमभंगाचा ठपका, ही त्याहून गंभीर बाब आहे. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं. पार्श्वसंगीत स्टुडिओतल्याच ऑडिओ लायब्ररीतून घ्यावं.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. प्रेक्षक थोडे असले तर वय आणि लिंग यांची माहिती दिसतच नाही. दुसऱ्या चॅनलचे आतले आकडे मिळत नाहीत, त्यामुळे तुलना स्वतःशीच करावी लागते. मोजण्याची व्याख्याही कंपनी बदलते. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट (यूट्यूबवरचा छोटा उभा व्हिडिओ) सुरू झाला किंवा पुन्हा फिरला, तरी व्ह्यू धरला जातो. त्याआधीच्या आणि नंतरच्या शॉर्ट्सची तुलना प्रबंधात करायची असेल, तर अ‍ॅडव्हान्स्ड मोडमधला ‘एंगेज्ड व्ह्यूज’ हा जुन्या पद्धतीने मोजलेला रकाना घ्या. तो सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) उतरवून घेता येतो. फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला, कारण शेवटच्या एक-दोन दिवसांचे आकडे नंतर पक्के होतात.