घानातील लग्नाची खरेदी: बोनविरेचा माग, कुमासीची शिवण आणि भेटींचे वेष्टन

घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये, माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मैत्रिणीचे लग्न तिच्या माहेरी, कुमासीला, अकान या तिथल्या समाजाच्या रीतीप्रमाणे झाले आणि त्या लग्नाच्या खरेदीत मी पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत होते. घानातील आजच्या लग्नात परंपरा आणि नवी वेशभूषा एकमेकींशी कशा जुळवून घेतात, हे मला तीन ठिकाणी जवळून पाहता आले: बोनविरे गावातील विणकरांची शेड, कुमासीतील एका शिंपिणीचे दुकान आणि भेटवस्तू सजवून देणारी एक सेवा. तिघांचेही काम मी सारख्या मापाने मोजणार नाही, कारण लग्नाचे सारे वैभव ज्या कापडावर उभे असते ते कापड पहिल्या ठिकाणी तयार होते.

बोनविरे हे कुमासीपासून तासाभराच्या आत गाठता येणारे, केंटे, म्हणजे अरुंद पट्ट्यांचे हातमागाचे नक्षीदार कापड, विणणाऱ्यांचे गाव आहे. मागावर बसलेल्या विणकरासमोर ताण्याचे सूत जमिनीलगत कितीतरी हात लांब पसरलेले असते आणि त्याच्या टोकाला बांधलेल्या जड दगडामुळे ते ताठ राहते. विणकाम पुढे सरकते तसा दगडही विणकराच्या दिशेने सरकत येतो. ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्या विणकराच्या पायाच्या बोटांत अडकवलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही हात धोट्यासाठी मोकळे राहतात. अशा मागावर साधारण चार इंच रुंदीची पट्टी निघते आणि अनेक पट्ट्या कडेला कड लावून शिवल्या की वस्त्र तयार होते. आमच्या वराचे वस्त्र २४ पट्ट्यांचे होते. ते अंगाभोवती गुंडाळून डाव्या खांद्यावर घेतात आणि उजवा खांदा उघडा ठेवतात.

आम्ही निवडलेल्या नक्षीचे नाव अद्वेनेआसा, म्हणजे ‘सुचण्यासारखे होते ते सारे संपले’. पट्टीची एक वीतही रिकामी न सोडता विणकर तीत आपल्याला येते ते सगळे ओततो, म्हणून हे नाव. दुसऱ्या एका नक्षीची हकीकत तर लग्नाशीच जोडलेली आहे. घानाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांनी १९५७ साली इजिप्तच्या फाथिया यांच्याशी विवाह केला, तेव्हा तिला ‘फाथिया एन्क्रुमांना शोभते’ असे नाव पडले आणि १९६६ साली त्यांची सत्ता उलथवली गेल्यावर तीच नक्षी ‘एकट्या माणसाने राष्ट्र चालवायचे नसते’ या नावाने ओळखली जाऊ लागली. कापड तेच राहते आणि त्याचा अर्थ काळ बदलतो, हे ज्या समाजाने इतक्या सहजतेने स्वीकारले आहे, त्याला नव्या शिवणीचे भय वाटण्याचे कारण नाही, असे मला तिथे बसल्या बसल्या वाटले.

शेडमधील वागणूक मोकळी आणि प्रामाणिक होती. विणकराने रंग ठरवताना घाई केली नाही. सोनेरी म्हणजे समृद्धी, हिरवा म्हणजे वाढ आणि नवी पालवी, हे सांगून त्याने दोन्ही रंगांचे सूत उन्हात नेऊन दाखवले. केंटेसारखी दिसणारी छापील कापडे बाजारात फार स्वस्त मिळतात, पण उलटी बाजू पाहिली की भेद लगेच कळतो: छापील कापड मागून फिके असते, तर हातमागाच्या पट्टीची नक्षी बोटांना लागते आणि मागच्या बाजूलाही तितकीच भरीव दिसते. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केंटे विणण्याच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. लग्नासारख्या प्रसंगी तरी पैसे या मागापर्यंत पोहोचावेत, असे मी आग्रहाने सांगेन. मागणी मात्र काही महिने आधी नोंदवावी, कारण ऐनवेळी घाई केली तर तयार मिळेल ते उचलावे लागते.

शिंपिणीचे काम याहून अवघड होते. पूर्वी वधू काबा आणि स्लिट, म्हणजे बेतशीर पोलके आणि घोट्यापर्यंतचा अरुंद घागरा, यांवर तिसरे वस्त्र घेत असे. आता बहुतेक वधूंना कंबरेला घट्ट बसणारा, आतून पट्ट्या घालून ताठ केलेला, मणी आणि जाळी लावलेला झगा हवा असतो. केंटे तिरके कापले की पट्ट्यांचे जोड सुटतात आणि सूत निसटू लागते. आमच्या झग्याच्या पहिल्या बेतात डाव्या कुशीला नक्षीचे चौकोन अर्ध्या बोटाने वरखाली झाले होते आणि कापलेली कड मोकळीच राहिली होती. मैत्रिणीच्या आईने ते बोट ठेवून दाखवले. शिंपिणीने वाद न घालता कूस उसवली, आतून मऊ कापडाची पट्टी लावली आणि चौकोन असे जुळवले की शिवण शोधावी लागावी. चूक झाली, पण ती तिने ज्या रीतीने सुधारली त्यामुळे मी हे दुकान निःसंकोच सुचवेन.

भेटवस्तूंच्या सेवेविषयी मात्र माझी तक्रार आहे. वधूपक्ष आधी एक यादी देतो. तीत ‘तिरि न्सा’ हे मानाचे मद्य, बायबल, अंगठी, आईसाठी कापड, वधूच्या भावांसाठी पैसे आणि वधूसाठी सहा-सहा वारांची छापील कापडे असतात. या कापडांना बाजारातील विक्रेत्या स्त्रियांनी नावे दिलेली असतात. ‘अह्वेने पा न्कासा’, म्हणजे चांगले मणी वाजत नाहीत, हे त्यांतलेच एक. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे म्हणणाऱ्या आपल्याला ते समजावून सांगावे लागत नाही. घेणाऱ्याने नाव वाचावे, नक्षी ओळखावी आणि देणाऱ्याच्या मनात काय आहे ते जाणावे, यासाठी ही भेट असते.

वराच्या बहिणीने ठरवलेल्या सेवेने ही कापडे पुठ्ठ्यावर गुंडाळून फुलांच्या आकारात बांधली होती आणि वरून चकचकीत कागद लावला होता. मांडणी देखणी होती, हे मान्य करते. परंतु समारंभात वरपक्षाचा ओचेआमे, म्हणजे कुटुंबाच्या वतीने बोलणारा, एकेक वस्तू नाव घेऊन सांगतो आणि वधूपक्षाच्या स्त्रिया ती पाहून, मोजून स्वीकारतात. साऱ्या साक्षीदारांसमोर वस्तू दिसल्या पाहिजेत, हाच त्या मांडणीचा हेतू असतो. इथे काहीच दिसेना, तेव्हा भर मांडवात कागद फाडावे लागले आणि आईच्या कापडाच्या काठावर, जिथे गिरणीचे नाव छापलेले असते नेमके तिथे, गोंदाचा डाग निघाला. एवढे पैसे घेणाऱ्या सेवेला हा समारंभ कशासाठी असतो ते ठाऊक असायला हवे होते. दोरीने बांधलेल्या उघड्या टोपल्या आणि प्रत्येक कापडावर नावाची चिठ्ठी, एवढे केले असते तरी शोभा आणि सोय दोन्ही साधल्या असत्या.

मद्य स्वीकारायचे का, म्हणजे लग्न मान्य आहे का, असे वधूला तीनदा विचारण्यात आले. तिसऱ्यांदा ‘हो’ म्हणताना ती उठून उभी राहिली तेव्हा मी मुद्दाम तिच्या डाव्या कुशीकडे पाहिले. चौकोन जागच्या जागी होते. झगा बेतून उरलेल्या पट्टीचे तुकडे शिंपिणीने न मागता घडी घालून परत दिले होते आणि वधूच्या आईने ते आपल्याजवळ ठेवून घेतले आहेत.